महाविद्यालयीन ग्रंथालय, समाजमाध्यमे आणि डिजिटल साधने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांचे ग्रंथपाल, ग्रंथालय परिचर, प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्याकडून गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचा खुलासा दुसऱ्या उत्तरात आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विद्यार्थी ग्रंथालयात येतातच. मग मोबाइलवरून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची गरज काय?

जे येतात त्यांची चिंता नाही. काळजी न येणाऱ्यांची आहे. आपल्याकडचा बहुसंख्य विद्यार्थी लोकलने ये-जा करतो. ठाण्याच्या महाविद्यालयांत कल्याण, टिटवाळा, बदलापूरकडून मुले येतात, तर वाशी-नेरूळकडे ऐरोली-घणसोलीपासून पनवेल-उरणपर्यंतची. सकाळच्या सत्राचे तास संपले की ठरलेली गाडी पकडून त्यांतले कितीतरी जण कामावर किंवा शिकवणीला जातात. दोन तासांमधल्या पंधरा मिनिटांत जिना चढायचा, रांगेत उभे राहायचे आणि ‘पुस्तक बाहेर गेलंय’ हे ऐकून परत फिरायचे, असे दोनदा झाले की तो विद्यार्थी तिसऱ्यांदा येत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. पुस्तक उपलब्ध आहे की नाही हे त्याला गाडीत बसल्या बसल्या कळले, तर त्या सूत्राचे पालन आजच्या साधनांनी होते.

२. सुरुवात कोणत्या माध्यमापासून करावी? सगळीकडे खाती उघडायला हवीत का?

सगळीकडे उघडू नयेत. चार ठिकाणी खाती आणि चारही ठिकाणी गेल्या वर्षीच्या १२ ऑगस्टच्या ग्रंथपाल दिनाचे छायाचित्र ही अवस्था अनेक ग्रंथालयांची झालेली आहे, आणि अशा बंद पडलेल्या खात्यामुळे ग्रंथालयही बंद आहे असा समज होतो. रोजच्या सूचनांसाठी व्हॉट्सॲप आणि पुस्तकांची ओळख करून देण्यासाठी इन्स्टाग्राम ही जोडी पदवी महाविद्यालयाला पुरते. ज्या ग्रंथालयात ग्रंथपाल आणि एकच परिचर आहे, तेथे केवळ व्हॉट्सॲपवर भागवावे. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालील मजकुरात दिलेला दुवा दाबून उघडता येत नाही आणि स्टोरी चोवीस तासांनी दिसेनाशी होते, हे लक्षात घेऊन कायम लागणारी माहिती, म्हणजे वेळा, नियम आणि तालिकेचा (ग्रंथालयातील पुस्तकांच्या ऑनलाइन यादीचा) पत्ता, खात्याच्या परिचयात आणि हायलाइट्समध्ये ठेवावी.

३. व्हॉट्सॲपवर ग्रुप, ब्रॉडकास्ट आणि चॅनेल यांपैकी काय निवडावे?

सूचनांसाठी चॅनेल निवडावे. ग्रुपमध्ये १,०२४ सदस्यांची मर्यादा आहे आणि प्रत्येकाचा नंबर इतर सर्वांना दिसतो. विद्यार्थिनींच्या दृष्टीने ही गंभीर बाब आहे. ग्रंथालयाच्या ग्रुपमधून नंबर घेऊन कोणी अवेळी संदेश पाठवू लागले, तर त्या मुलीचा ग्रंथालयावरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवता येत नाही. ब्रॉडकास्टमध्ये नंबर दिसत नाहीत. परंतु एका यादीत २५६ जणच मावतात आणि ज्यांनी ग्रंथालयाचा नंबर मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. जूनमध्ये प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने तो केलेला नसतो. चॅनेल भारतात २०२३ पासून उपलब्ध आहे, आणि त्यात अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

चॅनेलवर विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. म्हणून चॅनेलवरील प्रत्येक सूचनेच्या शेवटी ग्रंथालयाचा स्वतंत्र नंबर द्यावा. तो नंबर कोणी सांभाळायचा, याचे उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

४. विद्यार्थ्यांच्या संदेशांना उत्तरे कोणी आणि किती वेळात द्यायची?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो. पोस्ट कितीही सुंदर असली, तरी ‘सर, हे पुस्तक आहे का?’ या संदेशाला तीन दिवस उत्तर मिळाले नाही, तर सगळे व्यर्थ जाते. उलट, साध्या अक्षरांतल्या सूचनेनंतर वीस मिनिटांत ‘आहे. तुमच्या नावाने दुपारी तीनपर्यंत बाजूला ठेवतो, ओळखपत्र घेऊन या’ असे उत्तर गेले, तर तो विद्यार्थी नक्की येतो आणि पुढच्या वेळी मित्रालाही घेऊन येतो.

आमच्याकडे देवघेव कक्षात ग्रंथालयाचा स्वतंत्र मोबाइल ठेवलेला असतो आणि त्याच्याशेजारी एक साधी वही असते. आलेला प्रश्न, पुस्तकाचा दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) आणि दिलेले उत्तर त्या वहीत लिहिले जाते. दुपारी पाळी बदलली की वही आणि मोबाइल दोन्ही पुढच्या व्यक्तीच्या हाती जातात. सकाळी अकरा आणि दुपारी तीन या दोन वेळा ठरवून सर्व संदेश पाहावेत आणि या वेळा चॅनेलवर जाहीर कराव्यात, म्हणजे रात्री अकरा वाजता आलेल्या प्रश्नाला तेव्हाच उत्तर द्यावे लागेल असा ताण कर्मचाऱ्यावर येत नाही. परिचराचा खासगी नंबर या कामासाठी कधीही वापरू नये.

५. नेमके काय आणि किती वेळा टाकावे?

आठवड्यातून दोन-तीन सूचना पुरेत; त्याहून जास्त झाल्या की विद्यार्थी चॅनेलचा आवाज बंद करतात. नव्या पुस्तकांचा ढीग टेबलावर रचून काढलेला फोटो कोणाच्याही उपयोगाचा नसतो, कारण त्यातली नावे मोबाइलवर वाचता येत नाहीत. त्याऐवजी एकच पुस्तक घ्यावे, त्याची अनुक्रमणिका स्पष्ट दिसेल असा फोटो काढावा आणि खाली वर्गांक (पुस्तक कपाटात कुठे आहे हे सांगणारा विषयक्रमांक), किती प्रती आहेत, घरी मिळते की केवळ संदर्भासाठी आहे आणि कोणत्या वर्षाच्या कोणत्या विषयाला लागते, हे चार ओळींत लिहावे. दिनविशेषांच्या शुभेच्छा वर्षातून मोजक्या ठेवाव्यात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असला, तरी त्या दिवशी शुभेच्छांसोबत हाती घेता येईल असे एक पुस्तक दाखवावे.

परीक्षेच्या महिन्यात मात्र मागणी पूर्ण बदलते. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, अभ्यासिकेची वाढीव वेळ, बुक बँकेची परतीची तारीख यांखेरीज तेव्हा कशातही कोणाला रस नसतो, आणि ते योग्यच आहे.

फोटोंचा आकार लहान ठेवावा. शहापूर-मुरबाडकडे राहणाऱ्या मुलांकडे घरी रेंज कमी असते. जड व्हिडिओ त्यांच्याकडे उघडतच नाही.

६. सूचना मराठीत द्याव्यात की इंग्रजीत?

तुमचे विद्यार्थी ज्या भाषेत आपसात बोलतात तिच्यात द्याव्यात. नवी मुंबईत अनेक वर्गांत मराठीबरोबर हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम घरांतली मुले असतात. तेथे मराठी आणि इंग्रजी असे दोन छोटे परिच्छेद द्यावेत. पुस्तकाचे नाव मात्र ते ज्या लिपीत छापलेले आहे त्याच लिपीत लिहावे. त्याचे कारण पुढील प्रश्नात सापडेल.

७. कपाटात असलेले मराठी पुस्तक ऑनलाइन तालिकेत, म्हणजे ओपॅकवर, का सापडत नाही?

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयातून येते, आणि हे दुखणे मराठी विभागाच्या पुस्तकांना अधिक भोगावे लागते. त्याची कारणे वेगवेगळी आहेत.

पहिले कारण असे की जुन्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात. एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे तीन वेगवेगळ्या वर्षी भरली गेलेली असतात आणि देवनागरीत शोधणाऱ्याला त्यांपैकी एकही मिळत नाही. दुसरे, काही नोंदी युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेल्या होत्या. नव्या संगणकावर त्या निरर्थक चिन्हांसारख्या दिसतात आणि त्या पुन्हा टंकित करण्याला किंवा काळजीपूर्वक रूपांतरित करण्याला पर्याय नसतो.

तिसरे कारण लेखनाचे आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनेक अनुच्चारित अनुस्वार वगळले. परंतु त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे असतात आणि तालिकाकार मुखपृष्ठाप्रमाणे तीच भरतो. आजचा विद्यार्थी ‘नाव’ आणि ‘काही’ लिहून शोधतो, आणि त्याच्यापुढे शून्य निकाल येतो. चौथे कारण तर डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकित होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असतात.

उपाय करता येण्याजोगा आहे. मार्क (MARC) या संगणकीय तालिकेच्या प्रमाणित पद्धतीच्या नोंदीत शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी २४६ हे क्षेत्र असते. त्यात आजच्या लेखनाचे रूप भरावे आणि हवे तर रोमन रूपही द्यावे. कोहा ही ग्रंथालयाच्या कामकाजाची मुक्त स्रोत संगणकप्रणाली वापरत असाल, तर तिच्या झेब्रा शोधयंत्रणेत देवनागरीसाठी आयसीयू (ICU) हा युनिकोड अक्षरे हाताळणारा पर्याय निवडलेला आहे ना, हे तांत्रिक सहकाऱ्याकडून पाहून घ्यावे. सगळा संग्रह एकदम सुधारायला घेतला तर काम रखडते. रोज परत येणाऱ्या मराठी पुस्तकांच्या नोंदी त्याच दिवशी दुरुस्त केल्या, तर ज्या पुस्तकांना मागणी आहे तीच आधी सुधारली जातात. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण मराठीच्या विद्यार्थ्याला त्याच्या भाषेतले पुस्तक त्याच्याच लिपीत सापडणे हा त्याचा हक्क आहे, असे मला मनापासून वाटते.

८. एन-लिस्ट, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ यांत फरक काय? आमच्या विद्यार्थ्यांना काय मिळते?

एन-लिस्ट हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचा कार्यक्रम आहे. महाविद्यालय वार्षिक शुल्क भरून सदस्य होते आणि मग तेथील विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना स्वतंत्र लॉगिन देऊन ई-पुस्तके आणि ई-नियतकालिके वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभारले असून १९ जून २०१८ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. त्यावर कोणालाही विनाशुल्क नोंदणी करता येते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. तिच्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. ही योजना केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्र शासनाच्या संशोधन संस्था यांच्यासाठी आखलेली आहे. ठाणे-नवी मुंबईतील बरीच महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात, म्हणून ‘आता सगळे फुकट झाले’ असे चॅनेलवर लिहिण्यापूर्वी आपली संस्था त्यात बसते का, याची खात्री करावी.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन ठिकाणे आवर्जून सांगावीत. मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची अनेक पुस्तके उतरवून घेता येतात. कोणाच्याही हक्कांचा भंग न होता ग्रुपवर पाठवता येतील असे हे दुवे आहेत.

९. लॉगिन दिले आहे, तरी विद्यार्थी ई-पुस्तके उघडत नाहीत. काय करावे?

लॉगिनची चिठ्ठी प्रवेशाच्या दिवशी दिली जाते आणि गरज डिसेंबरमध्ये प्रकल्प सुरू झाल्यावर पडते. तोवर चिठ्ठी हरवलेली असते. लॉगिन द्यायचे तेव्हाच विद्यार्थ्याच्या मोबाइलवर ते उघडून, त्याच्या विषयाचे एक पुस्तक शोधून आणि त्याचे एक प्रकरण वाचायला लावून मगच त्याला जाऊ द्यावे. वर्गाच्या एका तुकडीला याला एक तास पुरतो. संपूर्ण सभागृहात प्रोजेक्टरवर दिलेल्या प्रात्यक्षिकाचा उपयोग मी फारसा झालेला पाहिला नाही.

१०. कपाटांवर क्यूआर कोड लावले, पण कोणी स्कॅन करत नाही. का?

बहुतेक वेळा कोड चकचकीत लॅमिनेशनमध्ये असतो आणि त्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते. मॅट कागद वापरावा, कोड डोळ्यांच्या उंचीवर लावावा आणि ‘या विषयाची ई-पुस्तके येथे’ असे स्पष्ट शब्दांत त्याखाली लिहावे. फुकट सेवेवर बनवलेले काही कोड मुदत संपल्यावर दुसरीकडे नेतात, म्हणून थेट आपल्या पत्त्याचा कोड बनवावा आणि सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक कोड स्वतः तपासावा.

११. पुस्तक बाजारात मिळत नाही. त्याची पीडीएफ ग्रुपवर टाकली तर चालेल का?

संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ टाकू नये, मग ती प्राध्यापकांनी पाठवलेली असली तरीही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे मूळ लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. मात्र एखाद्या नव्या आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना, टिपा किंवा त्याचा अनुवाद यांवर वेगळा हक्क असू शकतो. म्हणजे मूळ मजकूर मुक्त आहे, म्हणून दुकानातल्या नव्या आवृत्तीचे स्कॅन मुक्त ठरत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ अध्यापनाच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी केलेल्या प्रतींना सवलत देते, आणि दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स-संचांच्या (पुस्तकांतले नेमलेले भाग एकत्र करून काढलेल्या प्रतींच्या) प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. तिचा आधार घेऊन एखादे प्रकरण नेमलेल्या वर्गापुरते देणे आणि पूर्ण पुस्तक हजार जणांच्या ग्रुपवर टाकून ते पुढे कुठेही जाऊ देणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

दुर्मीळ पुस्तकासाठी आधी शेजारच्या ग्रंथालयांत चौकशी करावी. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच आहे, आणि जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढताना तेथे जाणे हे टेलिग्रामवर शोधण्यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते.

१२. कनिष्ठ महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनाही याच चॅनेलवर घ्यावे का?

सूचना वाचण्यापुरते चालेल. पण अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा त्यांना बालक मानून पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अपेक्षा ठेवतो. म्हणून गुगल फॉर्मवर त्यांची जन्मतारीख, पत्ता, फोटो असे काहीही गोळा करू नये. वाचनस्पर्धेसाठी नाव आणि तुकडी पुरते. त्यांचे चेहरे ओळखू येतील असे फोटोही पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नयेत.

१३. पुस्तके परत न करणाऱ्यांची यादी ग्रुपवर टाकली तर वसुली लवकर होते. यात चूक काय?

पूर्वी एका महाविद्यालयात काम करत असताना मी स्वतः अशी यादी टाकली होती. त्यात एका विद्यार्थिनीचे नाव होते. दुसऱ्या दिवशी ती काउंटरवर आली आणि काही न बोलता पुस्तकाच्या मागच्या बाजूच्या तारीखपट्टीचा फोटो तिने पुढे केला. पुस्तक तिने मुदतीत परत केले होते, नोंद करायची आम्हीच विसरलो होतो. यादी तोवर तिच्या वर्गाच्या ग्रुपवर फिरून झाली होती. मी तिची माफी मागितली आणि ग्रुपवर दुरुस्तीही टाकली, पण त्यानंतर ती ग्रंथालयात फारशी दिसली नाही.

तेव्हापासून स्मरणपत्र केवळ त्या विद्यार्थ्यालाच जाते. कोहासारख्या प्रणालीतून मुदतीच्या दोन दिवस आधी ईमेल किंवा एसएमएस आपोआप पाठवता येतो. कोणी कोणते पुस्तक नेले, हे तर कधीही जाहीर करू नये.

१४. दृष्टिहीन विद्यार्थ्यांपर्यंत या सूचना पोहोचतात का?

सूचना केवळ चित्राच्या रूपात असेल, तर पोहोचत नाही, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली, चित्रातली अक्षरे खात्रीने वाचत नाही. प्रत्येक पोस्टरबरोबर तोच मजकूर अक्षरांतही द्यावा. स्कॅन केलेल्या प्रश्नपत्रिकांनाही हेच लागू होते. सुगम्य पुस्तकालय हे २०१६ मध्ये सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय मुद्रित मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी आहे. त्यावर नोंदणी करण्यास विद्यार्थ्याला ग्रंथपालाने स्वतः शेजारी बसून मदत करावी.

१५. विद्यार्थी एआयने दिलेली संदर्भसूची घेऊन येतात आणि ती पुस्तके कुठेच सापडत नाहीत. त्यांना काय सांगावे?

त्यांना रागावू नये. सूचीत लेखकाचे नाव खरे, प्रकाशन खरे आणि ग्रंथ मात्र अस्तित्वातच नाही, असे घडते. चॅटबॉट शब्दांची संभाव्य जुळणी करतो, तालिका पाहत नाही. सूचीतली एक-एक नोंद विद्यार्थ्याबरोबर ओपॅकवर, शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) आणि गुगल स्कॉलरवर तपासावी. लेखाला डीओआय, म्हणजे त्याची कायमची ऑनलाइन ओळख सांगणारा क्रमांक, असेल, तर तो उघडून पाहावा. जे सापडले नाही त्यावर रेघ मारावी आणि त्याच विषयावरचे आपल्या कपाटातले एक पुस्तक लगेच त्याच्या हाती द्यावे. ही तपासणी कशी करायची, याची छोटी चित्रफीत चॅनेलवर टाकली तर प्रकल्पांच्या काळात ती खूप पाहिली जाते.

१६. या सगळ्याचा उपयोग होतो आहे, हे प्राचार्यांना आणि नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) समितीला कसे दाखवावे?

लाइक मोजून दाखवू नये. एखाद्या पुस्तकाची पोस्ट टाकण्यापूर्वीच्या पंधरवड्यात ते किती वेळा गेले आणि नंतरच्या पंधरवड्यात किती वेळा, हे देवघेवीच्या नोंदींवरून काढता येते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेली वही हा दुसरा पुरावा. ग्रंथालयाचा प्रत्यक्ष व ऑनलाइन वापर हा नॅकच्या चौथ्या निकषाशी निगडित विषय असल्याने या नोंदी महिन्याच्या महिन्याला काढून ठेवाव्यात.

१७. ग्रंथपाल निवृत्त झाले आणि खात्याचा पासवर्ड त्यांच्याच मोबाइलवर राहिला. आता काय?

प्रथम त्यांना फोन करावा. बहुतेक ग्रंथपाल आनंदाने मदत करतात. त्यांचा नंबरच बंद झाला असेल, तर जुने खाते परत मिळवण्यात महिने घालवण्यापेक्षा नवे उघडावे आणि ते महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून जाहीर करावे, म्हणजे खरे खाते कोणते याबद्दल संभ्रम राहत नाही. नवे खाते महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि ग्रंथालयाच्या सिमकार्डवर असावे. चॅनेलला किमान दोन प्रशासक असावेत. सिमकार्डाचे रिचार्ज कोणत्या तारखेला करायचे, हे ग्रंथालयाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे, कारण दीर्घकाळ रिचार्ज न झालेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते आणि मग विद्यार्थ्यांचे संदेश अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात.